पाच टाक्या, पाच वाइन: वरूड–मोर्शी पट्ट्यातील एका लहान वायनरीचे प्रकरण

हे प्रकरण अमरावती जिल्ह्यातील संत्रापट्ट्यातले आहे. संबंधितांच्या इच्छेनुसार गावाचे व व्यक्तींचे उल्लेख टाळले आहेत आणि काही आकडे थोडे बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. या वायनरीचा प्रकल्प अहवाल मी तयार केला होता, त्यामुळे पुढे सांगितलेल्या चुकांपैकी एक माझी आहे, हे सुरुवातीलाच नोंदवतो.

पार्श्वभूमी

चार संत्राउत्पादकांनी मिळून ही वायनरी उभारली. त्यांतील सर्वांत ज्येष्ठ भागीदारांना गावात सगळे बापू म्हणतात. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यातून येणाऱ्या फळाच्या, तोडणीत दरवर्षी एकच दुखणे असे. व्यापारी उक्ता बगीचा घेताना मोठे, रंग आलेले फळ उचलतो आणि लहान फळ, म्हणजे चुरी, मागे राहते किंवा मातीमोल भावाने जाते. बांगलादेशाने आयातशुल्क वाढवल्यापासून मोठ्या फळाचाही भाव पडू लागला, तेव्हा चुरीकडे पाहायलाही कोणी उरले नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण बांधावर पडलेल्या फळाला त्याचा काही उपयोग नव्हता.

भागीदारांच्या डोळ्यांसमोर नाशिकचे उदाहरण होते. नाशिकजवळच्या सुला या वायनरीची पहिली बाटली २००० साली बाजारात आली, २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क झाले. ‘त्यांच्याकडे द्राक्ष, आपल्याकडे संत्रा’ हे वाक्य पहिल्या बैठकीत चारही जणांच्या तोंडी होते. तुलनेतला फरक त्या वेळी कोणी पाहिला नाही. वाइनचे द्राक्ष वाइनसाठीच लावले जाते, खाण्याच्या द्राक्षाहून त्याचे वाण वेगळे असते आणि जानेवारी ते मार्चच्या तोडणीत त्याची गोडी साधारण बावीस-तेवीस ब्रिक्सपर्यंत (म्हणजे रसाच्या शंभर भागांत साधारण तितके भाग साखर) पोहोचते. नागपुरी संत्रा हे खाण्याचे फळ आहे. त्याचा रस दहा-अकरा ब्रिक्सवर थांबतो, तोही फळ पूर्ण पिकले असेल तर. एक टक्का अल्कोहोलला लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर लागते, हा हिशेब धरला तर अकरा टक्क्यांच्या वाइनसाठी हजार लिटर रसात जवळजवळ एक क्विंटल साखर वरून घालावी लागते. माझ्या अहवालात ही साखर होती. कच्चा माल म्हणून मात्र मी चुरीचा भाव लिहिला होता, कारण त्या भावातच प्रकल्प नफ्यात दिसत होता.

हजार लिटरच्या पाच स्टीलच्या टाक्या, एक चिलर, गाळणयंत्र आणि हाताने बुच लावण्याचे यंत्र एवढ्या सामग्रीवर काम सुरू झाले. वाइनमेकर म्हणून अकोल्याची, अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेतलेली आणि नाशिककडच्या एका वायनरीत दोन हंगाम काढलेली एक तरुणी आली. पुढे तिचा उल्लेख ताई असाच करतो. त्याशिवाय नाशिकचे एक अनुभवी सल्लागार वर्षातून तीनदा येत.

पहिल्या वर्षी ताईंनी दोनच टाक्या भरल्या. डिसेंबरच्या अखेरचे, झाडावर पूर्ण पिकलेले चार टन फळ घेतले, गावातल्या बायांकडून ते हाताने सोलून घेतले आणि त्यातून सोळाशे लिटर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, वाइन केली. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात रात्री चांगल्याच गार असतात, त्यामुळे सोळा-अठरा अंशांवर किण्वन (रस आंबण्याची क्रिया) ठेवायला चिलर फारसा चालवावाच लागला नाही. वाइन फिकट सोनेरी झाली, सालीचा हलका वास राहिला आणि नागपूरच्या दोन दुकानांत ती उन्हाळ्याआधी संपली.

अडचण

पहिल्या वर्षाच्या यशात भागीदारांना तीन रिकाम्या टाक्या दिसल्या. बँकेचा हप्ता चालू असताना रिकामी टाकी म्हणजे बुडालेला पैसा, असा त्यांचा हिशेब होता आणि वरवर पाहता तो चूक नव्हता. दुसऱ्या वर्षासाठी पाच वाइन ठरल्या: संत्र्याची कोरडी, संत्र्याची गोड, जांभळाची, मोहाची आणि नाशिककडून शीतगाडीने आणलेल्या शिराझ द्राक्षांची एक लाल. यांपैकी प्रत्येक वाइनमागे एका भागीदाराचा आग्रह होता. एकाच्या सासुरवाडीकडे मोहाची झाडे होती, दुसऱ्याच्या मुलाचे म्हणणे असे की लाल वाइन नसलेल्या वायनरीला हॉटेलवाले दारात उभे करत नाहीत. नाशिकमध्ये शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां, शिराझ अशी मांडणी होते ती मळ्यातल्या वाणांवरून. इथली मांडणी भागीदारांच्या बैठकीत झाली.

त्याच वर्षी सोलणीची मजुरी वाचवण्यासाठी स्क्रू-प्रेस आली, आणि फळ म्हणून अहवालात लिहिल्याप्रमाणे चुरी आली. ऑक्टोबरची, अर्धी हिरवी, काही तर गळीची, म्हणजे झाडावरून गळून पडलेली.

पुढे काय झाले ते समजण्यासाठी संत्र्याचा एक गुण माहीत असावा लागतो. संत्र्याच्या बियांत आणि फोडींच्या पापुद्र्यात एक पदार्थ असतो. तो स्वतः कडू नसतो, पण रसाच्या आंबटपणात काही तास राहिला की त्याचे लिमोनिन होते, आणि लिमोनिन अत्यंत कडू असते. घरी काढलेला रस सकाळी गोड लागतो आणि फ्रीजमध्ये ठेवलेला तोच रस संध्याकाळी कडवट होतो, याचे कारण हेच. फळ झाडावर जसजसे पिकते तसतसा हा पदार्थ झाडच निरुपद्रवी करून टाकते. म्हणून कच्च्या फळात कडवटपणा जास्त आणि पिकलेल्यात कमी. स्क्रू-प्रेसने बिया फोडल्या, साल चिरडून तिचे तेल रसात उतरवले (हे तेल यीस्टलाही मारक असते) आणि चुरीने उरलेली कसर भरून काढली. सल्लागारांची कृती पांढऱ्या द्राक्षांची होती. द्राक्षाला ती योग्यच असते.

दुसरे संकट टाक्यांचे. वाइन गाळावरून काढायची म्हणजे एका टाकीतून दुसरीत घ्यायची, आणि पाच टाक्यांत पाच वाइन असतील तर दुसरी टाकी आणायची कुठून? ताईंनी प्लास्टिकच्या पिंपांत वाइन उतरवून टाकी धुतली आणि पुन्हा भरली. या उलाढालीत हवा लागली आणि कोरडी संत्रा वाइन तपकिरी पडली. मोहाची टाकी अर्धीच भरली होती. वरच्या रिकाम्या जागेतल्या हवेने तिचाही वास बिघडला. नागपूरच्या एका दुकानदाराने घोट घेऊन एवढेच विचारले, की पहिल्या धारेची स्वस्तात मिळत असताना गिऱ्हाईक हिला पैसे का देईल.

मे महिन्यात गोड संत्रा वाइनची बुचे उडू लागली. बाटलीत साखर शिल्लक होती, गाळणीतून निसटलेले यीस्ट जिवंत होते, आणि दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीतले तापमान त्याला पुरेसे होते. साठ पेट्या परत आल्या. ताईंनी यीस्टची वाढ रोखणारे पोटॅशियम सॉर्बेट आणि बारीक छिद्रांचे गाळणपॅड मागितले होते, त्याची वहीत नोंद आहे. पॅडचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलला गेला होता.

समोर आलेले पर्याय

मेच्या अखेरीस एका दुपारी वायनरीतच बैठक झाली. कूलरच्या आवाजात बोलणे ऐकू येत नव्हते म्हणून तो बंद केला, आणि मग उकाड्याने बोलणी आटोपशीर झाली, ही गोष्ट मला आजही उपकारक वाटते.

बापूंना कडवटपणा हा दोषच वाटत नव्हता. “दारू कडूच असते बाप्पा, इथं काय शरबत विकून राह्यलो काय आपण?” असे ते म्हणाले. ताईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी घरून आणलेली सहा संत्री काढली. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्यातल्या फुलोऱ्याची, शीतगृहातली. तीन सोलून, बिया काढून, फोडी हलक्या हाताने दाबून एका पेल्यात रस काढला. उरलेली तीन सालीबियांसकट मिक्सरमध्ये फिरवून गाळली. दोन्ही रस सगळ्यांनी लगेच चाखले. दुसऱ्याला सालीचा वास होता, तरी दोन्ही गोडच लागले. पेले खिडकीत ठेवले आणि बैठक पुढे चालू राहिली. चार तासांनी पुन्हा चाखले तेव्हा दुसऱ्या पेल्यातला घोट बापूंनी खिडकीबाहेर थुंकला. त्यानंतर कडवटपणाच्या बाजूने कोणी बोलले नाही.

पर्याय चार होते. साखर वाढवून कडवटपणा झाकणे सर्वांत स्वस्त होते, पण लिमोनिन साखरेखाली फार काळ दबत नाही आणि गोड वाइनची बुचे उडाल्याची आठवण ताजी होती. रस रेझिनच्या स्तंभातून काढून कडवटपणा शोषून घेता येतो. रसाच्या मोठ्या कारखान्यांत ही पद्धत चालते, परंतु यंत्राचा खर्च आणि ते धुण्या-सांभाळण्याचे कौशल्य हजार लिटरच्या टाक्यांना परवडणारे नव्हते. संत्रा सोडून सगळी वायनरी बाहेरून आणलेल्या द्राक्षांवर चालवावी, असे एका भागीदाराने मांडले. त्यावर ‘मग ती इथे कशाला, विंचूरलाच जाऊ’ असे दुसऱ्याने म्हटले आणि तो विषय तिथेच संपला.

चौथा पर्याय ताईंचा होता: वाइन तीनच करायच्या, एक टाकी कायम रिकामी ठेवायची, आणि फळ घ्यायचे की परत पाठवायचे हे वाइनमेकरने ठरवायचे. यातला तिसरा भाग भागीदारांना सर्वांत जड गेला. वायनरी चुरीसाठी काढलेली, आणि ताई नेमकी चुरीच नको म्हणत होत्या. वायनरी काढण्याचे कारण आणि ती टिकण्याची अट या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात होत्या, आणि प्रकल्प अहवालात मी त्या एकाच ओळीत लिहून मोकळा झालो होतो.

निर्णय आणि कृती

निर्णय चौथ्या पर्यायाच्या बाजूने झाला, पण एकमताने नाही. लाल वाइनचा आग्रह धरणारा भागीदार बाहेर पडला. त्याचा वाटा तिघांनी तीन वर्षांच्या हप्त्यांनी घेण्याचे ठरले. मोहाची वाइन उत्पादन शुल्क विभागाच्या अधिकाऱ्यांसमक्ष ओतून दिली. दोन लेबले कमी झाल्याने दरवर्षीचे लेबल नोंदणीचे शुल्क वाचले. ही बचत आमच्यापैकी कोणाच्याही आधी लक्षात आली नव्हती.

फळ घेण्याची वही नव्याने आखली. तारीख, बगीचा, बहार, ब्रिक्स आणि वाइनमेकरची सही. दहा ब्रिक्सच्या खालचे, गळीचे किंवा डिसेंबरच्या मध्याआधीचे आंबिया फळ घ्यायचे नाही, मग ते कोणाचेही असो. या नियमाची परीक्षा पहिल्याच आठवड्यात झाली. बापूंच्या स्वतःच्या बागेतली ट्रॉली फाटकाशी उभी राहिली. ताईंनी वेगवेगळ्या कॅरेटांतली दहा फळे काढून रसातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एकेक थेंब टाकला आणि यंत्र बापूंच्याच हाती दिले. बहुतेक फळे नवाच्या आसपास भरत होती. “माह्याच बागेतला माल, माह्याच गेटातून वापस?” बापू म्हणाले. “काका, घ्यायचा असेल तर वहीत तुमची सही करा, माझी नको,” ताई म्हणाल्या. बापूंनी सही केली नाही. ट्रॉली मंडीत गेली.

स्क्रू-प्रेस झाकून ठेवली आणि फळ पुन्हा हाताने सोलले जाऊ लागले. सोललेल्या फोडी बिया न फुटतील अशा मऊ ब्रशच्या पल्परमधून काढायच्या, आणि चोथा तासाभराच्या आत रसापासून वेगळा करायचा, कारण पापुद्रे जितका वेळ रसात राहतील तितका कडवटपणा उतरत जातो. नंतर रस निवळायला मदत करणारे पेक्टिनेज, नको असलेले जंतू रोखणारे मेटाबायसल्फाइट मोजून, एक रात्र थंड ठेवून रस निवळणे आणि मग यीस्ट. टनामागे जेमतेम चारशे लिटर रस मिळतो. हाताने सोलल्यावर मजुरी वाढली, तरी सालीचे तेल रसात उतरणे थांबले.

सोलणीचा मात्र एक पेच होता, आणि तो तांत्रिक नव्हता. सोलायला येणाऱ्या बाया ज्या बचत गटाच्या, त्याच गटाने काही वर्षांपूर्वी गावातल्या देशी दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घडवून ‘आडवी बाटली’, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूचे चिन्ह, निवडून आणली होती आणि दुकान बंद पाडले होते. शेजारी वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. त्या जिल्ह्यातून सुना म्हणून आलेल्यांच्या मनात दारूबद्दलची चीड माहेरचीच होती. पहिल्या वर्षी भागीदारांनी त्यांना ‘रसाचं काम आहे’ एवढेच सांगितले होते. तिसऱ्या वर्षी गटाच्या अध्यक्ष बाईंनी टाकीकडे बोट दाखवून विचारले, तेव्हा ताईंनी खरे ते सांगितले. दोघीजणी त्याच दिवशी काम सोडून गेल्या. बाकीच्यांनी दोन दिवस विचार करून अट घातली की गावात एकही बाटली विकायची नाही आणि मजुरी रोख पैशांतच मिळाली पाहिजे. ही अट ठरावाच्या वहीत लिहिली गेली आणि आजवर पाळली गेली आहे. काही भागीदारांना ती अपमानास्पद वाटली. माझ्या मते बायांची भूमिका भागीदारांपेक्षा अधिक सुसंगत होती.

परिणाम

वायनरीच्या आता तीन वाइन आहेत. पहिली आंबियाची कोरडी. थंडीत किण्वन होते, विजेचा खर्च कमी आणि विक्री सर्वांत जास्त. दुसरी मृग बहाराची, फेब्रुवारी-मार्चच्या फळाची, अर्धगोड. तिच्या वेळी उन्हाळा सुरू झालेला असतो, चिलर दिवसरात्र चालतो आणि वीज गेली की ताई टाकीपाशीच बसून राहतात. सॉर्बेट आणि बारीक गाळण आल्यापासून तिचे एकही बुच उडालेले नाही. तिसरी जांभळाची, जूनच्या फळाची, सहाशे लिटरच. जांभळाचा तुरटपणा लाल द्राक्षाच्या वाइनची आठवण करून देतो, आणि लाल वाइन मागणाऱ्या हॉटेलवाल्यांपैकी निदान एकाचे तिच्यावर समाधान झाले आहे. माझी स्वतःची आवड विचाराल तर तीच, पण तिला हवे तेवढे फळ एका गावात मिळत नाही.

माल नागपूरला जातो तो जलालखेडा–काटोल रस्त्याने. तळेगाव–कारंजाचा महामार्ग चांगला असला तरी तो वर्धा जिल्ह्यातून जातो आणि वाहतूक परवाना हातात असूनही तिथे होणाऱ्या चौकशीला चालक कंटाळले आहेत.

मागच्या लेबलावर भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ च्या नियमांत घालून दिलेला वैधानिक इशारा असतो, आणि त्याखाली आता फळाचा बहार व वाइनमेकरचे नाव छापले जाते. नाव छापण्याला बापूंचाच पाठिंबा होता. “फळ वापस करते ते नाव तरी लोकायले माहीत असू दे,” असे ते म्हणाले, आणि ते कौतुक होते की टोमणा, हे आम्हाला अजून ठरवता आलेले नाही.

नफा अजून नाही. हप्ते वेळेवर जातात एवढेच. चुरीचा प्रश्न होता तिथेच आहे, आणि ज्या प्रश्नासाठी वायनरी काढली तो तिने सोडवलेला नाही, हे भागीदार आता उघडपणे मान्य करतात.

वेगळे काय करता आले असते

प्रकल्प अहवाल लिहिण्यापूर्वी शंभर किलो चुरी आणि शंभर किलो पिकलेले फळ घेऊन दोन काचेच्या बरण्यांत वाइन करून सहा महिने ठेवायला हवी होती. त्यासाठी परवानगी आणि एखाद्या महाविद्यालयाची प्रयोगशाळा एवढेच लागले असते. मी भावांचे तक्ते जमवले, रस चाखला नाही. चुरीवर आधारलेला नफ्याचा आकडा त्या बरण्यांनीच खोडून काढला असता, आणि मग कदाचित वायनरी झालीच नसती किंवा निम्म्या आकाराची झाली असती.

बिघडलेल्या कडू वाइनचे व्हिनेगर करण्याचा प्रयत्न त्याच शेडमध्ये केला, ही दुसरी चूक. व्हिनेगर करणारे जिवाणू एकदा वायनरीत शिरले की चांगल्या वाइनलाही आंबट करतात. ताईंनी तिसऱ्या आठवड्यात ते काम बंद पाडले आणि सगळे पाइप उकळत्या पाण्याने धुतले. स्वतंत्र जागा असती तर चुरीला निदान तो एक मार्ग उरला असता. आता गावाबाहेरच्या एका जुन्या कोटिंग शेडची (जिथे संत्र्यांना मेणाचा लेप देतात) बोलणी चालू आहेत.

सल्लागारांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांना बोलावताना संत्र्याच्या रसाबद्दल कोणी विचारले नव्हते आणि त्यांनीही विचारले नाही. खरा उशीर ताईंना अधिकार देण्यात झाला. त्यांच्या वहीत दुसऱ्या वर्षाच्या ऑक्टोबरात दोन नोंदी आहेत, ‘फळ कच्चे, बिया फुटत आहेत’ आणि त्याखाली ‘सांगितले’. त्या पानावर भागीदारांपैकी कोणाचीच सही नाही. आता ही वही फाटकाजवळ खिळ्याला टांगलेली असते, आणि ट्रॉली आली की बापू आधी ती काढून मागचे पान वाचतात.